चाकरमानी

पोटासाठी मुंबईत राहणारा, पण घर, शेत, बायकामुले आणि देव गावातच असलेला कोकणी माणूस म्हणजे चाकरमानी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभराहून अधिक वर्षे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा (आजचे रत्नागिरी व सिंधुदुर्ग) संसार या दोन टोकांवर चालला.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. १८५६ मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. त्या काळी कोकणात वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, एकाच पिकाची भातशेती आणि खोती, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोताची जमीनदारी होती. अर्धेल-तिर्धेल खंड, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, खोताला घातल्यावर कुळाच्या घरात वर्षभराचे धान्यही उरत नसे, मग रोख पैसा कुठला? तो मुंबईत मिळे. कोणीतरी गाववाला आधी गेलेला असे, तो मुकादमाकडे शब्द टाकी आणि पोरगा बोटीने मुंबई गाठी. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर अनेक घरांतून मुंबईला जाण्याची पिढीजात वाट पडली होती.

गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणीवस्तीत, एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर पाठ टेकी. जेवण खानावळीत, आणि पगारातून उरेल ते मनीऑर्डरने गावी. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्याला, रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. काम मिळाले तरच त्या दिवसाची मजुरी.

आजारपण, बाळंतपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा खर्च गिरणीने प्रदीर्घ काळ उचललाच नाही. तो गावाने उचलला. क्षयाने खंगलेला माणूस गावी परते, गरोदर बायको गावीच राही, निवृत्त माणूस पुन्हा नांगर धरी. मुंबईचे कापड स्वस्तात निघाले त्यात कोकणातल्या भाताचाही वाटा आहे, आणि तो कुठल्याच ताळेबंदात आला नाही. कामावरील अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ चा. मुंबई इलाख्यातला प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ मध्ये आला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये, म्हणजे पहिल्या गिरणीनंतर जवळजवळ शतकाने. मधल्या काळात भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते हितकारक मानले आणि ते जपावे असे सुचवले. कामगाराला खरोखरच दुसरा आसरा नव्हता. पण त्या आसऱ्याचा भार कोणाच्या डोक्यावर होता?

तो बाईच्या डोक्यावर होता. पेरणीआधी जमीन भाजण्यापासून लावणी-कापणीपर्यंतची शेती, गुरे, सासू-सासरे, मुलांचे दुखणेखुपणे, सारे तिने ओढले. तिची गणना मजुरांत झाली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या.

याच गावाने कामगाराला मालकापुढे उभे राहण्याचे बळही दिले. १९२८ चा संप सुमारे सहा महिने टिकला, कारण बरेच संपकरी गावी जाऊन राहू शकले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही अनेकांनी गावची वाट धरली. या वेळी मात्र अनेकांना परतायला गिरणीच उरली नाही.

गावकऱ्यांची मुंबई मंडळे हा या व्यवहाराचा कमी अभ्यासला गेलेला भाग. शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची विहीर अशा कामांसाठी खोल्याखोल्यांतून वर्गणी निघे. सरकार पोचण्याआधी अनेक वाड्यांवर ही वर्गणी पोचली होती.

पुढच्या पिढ्यांनी कुटुंब शहरात नेले. लालबाग-परळ सोडून डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार इकडे घरे केली. गणपती-शिमग्याला गावी जाणे चालू आहे, पण शेती कसायला घरात माणसे उरली नाहीत. रत्नागिरीच्या आंबाबागांत आणि मच्छीमार नौकांवर आता नेपाळहून आलेले मजूर राबतात. त्यांच्या कमाईतला पैसा नेपाळमधल्या घरी जातो, आणि तिथली शेती व म्हातारी माणसे मागे राहिलेल्या बायका सांभाळतात.