घरगुती राउटरसाठी यूएसबी ड्राइव्हची तयारी

वाय-फाय राउटरच्या यूएसबी पोर्टला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडून त्यातल्या फाइली घरभर पाहता याव्यात, म्हणून आधी करावयाची मांडणी. गोव्यातल्या मराठी घरांत अशा ड्राइव्हवर बहुधा चवथीच्या माटोळीचे फोटो आणि गावच्या जत्रेतल्या नाटकाचे चित्रीकरण असते.

ड्राइव्हवर फाइली कशा मांडायच्या ते त्याचा फॉरमॅट ठरवतो; फॅट३२, एक्सफॅट आणि एक्स्ट४ हे त्याचे प्रकार. तीन तासांच्या नाटकाची एचडी फाइल ४ जीबीच्या पुढे सहज जाते आणि फॅट३२ तिथेच अडते. जागा मोकळी असूनही कॉपी होत नाही. २००६ साली आलेल्या एक्सफॅटला ही अडचण नाही. मात्र बहुतेक राउटर आतून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एक्सफॅट आले ते २०१९ मध्ये. त्यामुळे जुना राउटर असा ड्राइव्ह ओळखेलच असे नाही.

फॉरमॅट निवडण्याचा खरा निकष मात्र वीज आहे. जूनमधल्या पहिल्या गडगडाटात, फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, तर फॅट३२ आणि एक्सफॅट दोन्ही बिघडू शकतात, कारण अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवणारे जर्नल त्यांच्यात नसते. एक्स्ट४ मध्ये ते असते. राउटर एक्स्ट४ वाचत असेल तर तेच घ्यावे. विंडोज ते थेट वाचत नाही, ही तक्रार इथे गैरलागू: संगणक ड्राइव्हला हात लावत नाही, तो राउटरकडे फाइल मागतो. अर्थात राउटर छोट्या यूपीएसवर असला तर उत्तमच.

फॉरमॅट केल्यावर सगळे पुसले जाते, म्हणून आधी प्रत काढावी. ड्राइव्हवर विभाग (पार्टिशन) एकच ठेवावा. ड्राइव्हचे नाव रोमन लिपीत, जागा न सोडता द्यावे. काही राउटरांवर देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात.

यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. हार्ड डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच जास्त वीज लागते. ती ‘टक् टक्’ करून थांबत असेल, तर स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब लावावा. यूएसबी ३ च्या रेडिओ-गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय मंदावते, तेव्हा डिस्क चांगल्या केबलने अँटेनापासून दूर ठेवावी. ड्राइव्ह काढण्यापूर्वी राउटरच्या सेटिंगच्या पानावरून तो बंद करावा. एफटीपी, म्हणजे राउटरची फाइली देण्या-घेण्याची सोय, इंटरनेटला उघडे ठेवू नये आणि शेअर केलेल्या फोल्डरला पासवर्ड द्यावा, विशेषतः वाय-फाय भाडेकरू किंवा होमस्टेच्या पाहुण्यांनाही दिलेले असेल तेव्हा.