एका खाणीचं पाणी, तीन वह्या

वणी, राजुरा, भद्रावती, उमरेड. विदर्भातल्या या तालुक्यांतल्या कुठल्याही खुल्या कोळसा खाणीला लागून असलेल्या गावात उन्हाळ्यात जा. एकाच पाण्याच्या तीन वह्या सापडतील. पहिली खाणीच्या कुंपणाच्या आत, कामगारांच्या पिण्याच्या पाण्याची. दुसरी सम्पमधून, म्हणजे खाणीच्या तळाशी पाणी साठवणाऱ्या खड्ड्यातून, उपसून नाल्याला सोडलेल्या पाण्याची. तिसरी ग्रामपंचायतीत: पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर किती टाकली, पाण्यात क्लोरीन उरलं का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला की नाही. तिन्हींत नोंदी होतात, बऱ्याचदा मन लावून होतात. पण या तीन वह्या एका टेबलावर उघडलेल्या मी आजवर पाहिल्या नव्हत्या. कारण त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीपोटी सुरू झाल्या.

या भागातल्या कोळशाची गोष्ट वरोऱ्यापासून सांगतात. 1870च्या दशकात तिथे सरकारी खाण चालू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ आली. 1906 मध्ये ती खाण बंद झाली, तोवर बल्लारपूरकडे कोळसा निघू लागला होता. त्या काळात खाणीतलं पाणी म्हणजे कामाचा अडथळा. ते उपसून बाहेर फेकायचं, एवढाच त्याचा हिशेब. ते पुढे कुठे जातं, कोणाच्या विहिरीत झिरपतं, हे विचारायला कोणताही कायदा नव्हता.

पहिली वही आली ती कामगारामुळे. 1901चा खाण कायदा, मग 1923चा, मग 1952चा, असा तो रस्ता आहे. मधे 1944 मध्ये वटहुकूम काढून कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. खाणमजुराच्या घराची आणि पाण्याची सोय हा सरकारी खर्चाचा विषय झाला, तो या निधीमुळे. 1952च्या कायद्याच्या कलम 19 ने सांगितलं की खाणीत सोयीच्या जागी थंड, शुद्ध पाणी पुरेसं असलं पाहिजे, तिथे बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलेलं असलं पाहिजे आणि धुण्याची जागा, मुतारी, संडास यांपासून ते किमान 6 मीटर दूर हवं. 1955च्या नियमांनी मापही ठरवलं: कामावरच्या माणसामागे किमान 2 लिटर. चंद्रपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला हा आकडा किती तोकडा आहे ते कळेल. डम्परवरचा ड्रायव्हर सकाळच्या पाळीत दहा वाजेपर्यंत एवढं पाणी संपवतो. तरी हा कायदा मोलाचा होता. फक्त त्याची नजर कुंपणापाशी थांबायची.

1973 मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 1975 मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स, आपली वेकोलि, उभी राहिली. त्यानंतर जमिनीखालच्या बोगद्यांपेक्षा उघड्या खाणी वाढत गेल्या, आणि पाण्याचं गणित पालटलं. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थराच्या वर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे, आणि तो पाणी धरून ठेवणारा दगड आहे. खड्डा त्याला छेदून खाली गेला की चहूबाजूंचं भूजल खड्ड्याकडे उतरतं. ते सम्पमध्ये साठतं, पंपाने वर येतं, निवळणीच्या टाकीतून नाल्याला जातं आणि नाल्यातून वर्धा, इरई किंवा निर्गुडेला. म्हणजे काठच्या वावरातली विहीर आटते आणि त्याच वेळी नाला भर उन्हाळ्यात वाहत राहतो. वर काढलेल्या मातीचे डोंगर उभे राहतात, ते पहिल्या पावसात धुपून नाल्यात येतात. दगडातली गंधकाची खनिजं हवेत उघडी पडली की पाण्यात सल्फेट आणि जडपणा वाढतो. पाणी दिसायला नितळ असूनही डाळ शिजत नाही, ही बायकांची तक्रार कित्येकदा या जडपणाचीच असते.

दुसरी वही या बाहेर जाणाऱ्या पाण्याची. इथे महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. 1969 मध्ये राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि 7 सप्टेंबर 1970 ला प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा 1974चा, राज्याने तो 1981 मध्ये स्वीकारला. या केंद्रीय कायद्याचं कलम 21 गावकऱ्यांनी नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना घेताना कारखानदाराला किंवा खाणवाल्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, ते सीलबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही रीत पाळली नाही तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आरोप झालेल्यावर अन्याय होऊ नये म्हणून ही काळजी आहे आणि ती रास्तही आहे. पण नाल्याचं पाणी रात्री काळं झालं म्हणून एखाद्या शेतकऱ्याने बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवलं, तर या कलमाच्या लेखी त्या बाटलीला काहीच वजन नाही. अधिकारी येईपर्यंत नाला पुन्हा नितळ झालेला असतो.

पुढे 1994 आणि 2006च्या अधिसूचनांनी पर्यावरण मंजुरी आली आणि अटींच्या पालनाचा अहवाल दर वर्षी 1 जून व 1 डिसेंबरला देणं बंधनकारक झालं. अनेक कोळसा खाणींच्या मंजुरीपत्रांत आजूबाजूच्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजायला सांगितलेली असते. गुणवत्तेची तपासणी मात्र त्याच अटीत फक्त मे महिन्यात मागितलेली असते. माझ्या मते खरी गरज ऑगस्टची आहे, कारण ढिगाऱ्यांवरून धुपलेलं सगळं तेव्हाच खाली उतरतं.

मापंही दोन आहेत. कोळसा खाणीतून सोडायच्या पाण्याची मानकं 25 सप्टेंबर 2000 ला आली: सामू (पीएच) 5.5 ते 9, तरंगते कण लिटरला 100 मिलिग्रॅम, तेल-ग्रीस 10. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सामू 6.5 ते 8.5 मागतं आणि फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा, जंतू असं बरंच काही तपासतं. ‘पाणी मानकात बसतं’ हे वाक्य खाणीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत वेगवेगळ्या अर्थाने उच्चारलं जातं, आणि भांडण तिथेच पेटतं. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळून ते अतिप्रदूषित ठरलं, तेव्हा हवेइतकाच पाण्याचाही विचार त्या गुणांत होता. बातम्यांत मात्र धूरच राहिला.

तिसऱ्या वहीचं मूळ 1972च्या दुष्काळात आहे. विहिरी आटल्या, तेव्हा कठीण खडक फोडणारी यंत्रं आली आणि गावोगाव बोरिंग झाल्या. उघड्या विहिरीतल्या घाणीपासून लोकांची सुटका झाली, हगवण-कॉलऱ्याला आळा बसला. पण खोल पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड निघालं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडतात, ते या पाण्याने. फ्लोराइडचं मानक लिटरला 1 मिलिग्रॅमचं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. चुना आणि तुरटी वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधली, म्हणजे आपल्याच विदर्भातल्या संस्थेने.

राज्याने पुढे पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड द्यायची पद्धत आणली, गावच्या पाण्याकडे लक्ष ठेवायला जलसुरक्षक नेमले. 2019च्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरवलं. या बायकांचं काम मी जवळून पाहिलं आहे. नमुना कधी घेतला, आदल्या रात्री पाऊस होता का, बोरिंगजवळ जनावरं बांधतात का, हे सगळं त्या लिहून ठेवतात. प्रयोगशाळेच्या अहवालात हे कुठेच येत नाही.

आता हे तीन कप्पे वेगळे ठेवणं अवघड होत चाललं आहे, कारण खाणीचं पाणी गावाच्या घशात आणि वावरात जाऊ लागलं आहे. सावनेरजवळ पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ म्हणून बाटलीत भरलं जातं. शेतीला आणि गावांना खाणीचं पाणी द्यायचे करार झाले आहेत. पाणी वाया जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण मग ते सोडण्याच्या मापाने मोजायचं की पिण्याच्या, आणि पाइप फुटला तर जबाबदार खाणीचा पर्यावरण अधिकारी, ग्रामसेवक की पाणीपुरवठ्याचा अभियंता, हे करारातच लिहिलेलं असायला हवं.

समन्वयाला मोठी यंत्रणा लागत नाही. नमुन्याची जागा ठरलेली हवी, नकाशावर खूण केलेली. खाणीची गाडी सम्पचा नमुना घेईल त्याच सकाळी गावाने विहिरीचा घ्यावा, म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवता येतात. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, तेव्हा एसटीच्या वेळेपेक्षा खाणीच्या गाडीचा उपयोग जास्त. आणि अहवालाची प्रत मराठीत.

मंजुरीपत्राची प्रत खाणीने ग्रामपंचायतीला द्यायची आणि पंचायतीने ती 30 दिवस लावून ठेवायची, असा नियम आहे. आमच्या भागातल्या एका पंचायतीत ते पत्र कपाटात सापडलं, इंग्रजीत, घडी न मोडलेलं. गेल्या उन्हाळ्यात चार बायका आणि कॉलेजातली एक पोरगी बसली, त्यांनी त्यातल्या पाण्याच्या अटी मराठीत उतरवल्या आणि टीसीएलच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवल्या. आता महिन्याच्या सभेला खाणीचा माणूस आला की आधी ते पान उघडतात.