एकट्या बाईला लॉजवर खोली मिळत नाही?

‘एकट्या बाईला खोली देणं कायद्यात बसत नाही’ हे मावशीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे ठासून सांगतात. असा कायदाच नाही. १८ वर्षं पूर्ण असलेल्या बाईने आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवलं, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहून सही केली, की झालं. ‘सोबत कोण?’ हा रकाना काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यातला. काही लॉजवाले तरीही नाही म्हणतात. तो त्यांचा घरचा नियम, बहुधा नसत्या चौकशीच्या धास्तीने केलेला. म्हणून गणपतीपुळ्याला निघण्याआधी फोनवरच विचारावं, ‘मी एकटीच येतेय, चालेल ना?’ तिथे समुद्राला लागून एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासही आहे. आणि हो, एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपुरतंच. गोव्याच्या गाडीत हद्दीजवळच्या बांद्यापुढे पूर्ण पैसे.