दम्याच्या सिरपचे माप दोन ठिकाणी चुकते

दम्याच्या सिरपच्या बाटलीवरची सर्वांत कामाची ओळ बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत असते: 'प्रत्येक 5 मिलिमध्ये'. तिच्यापुढे औषधाचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा येतो. सालब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध, साध्या सिरपमध्ये 5 मिलिला 2 मिग्रॅ असते, तर त्यात अँब्रॉक्सॉल आणि ग्वायफेनेसिन ही कफ सुटवणारी औषधे मिसळलेली असतील, तर बऱ्याचदा 1 मिग्रॅच. त्यामुळे मेडिकलवाल्याने 'ही कंपनी संपली, दुसरी देतो, सेमच आहे' म्हटले, की नवी बाटली जुनीशी ताडून पाहावी. आकडा वेगळा निघाला, तर जुन्या मापाने पाजू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. खोकल्यासाठी वेगळी बाटली घरात आली असेल, तर तिच्यातही सालब्युटामॉल किंवा त्याच जातीचे टर्ब्युटालिन नाही ना, हे पाहावे. एकाच जातीचे औषध दोन बाटल्यांतून दुप्पट जाते, ते असे.

'इनहेलरची सवय लागते, त्यापेक्षा सिरप बरे, ते सौम्य असते' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. हिशेब मात्र उलटा आहे. इनहेलरच्या एका पफात सालब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅम असते. 2 मिग्रॅ म्हणजे अशा 20 पफांचे औषध. सिरप पोटातून यकृतात, तिथून रक्तात आणि मग अंगभर जाते. श्वासनलिकांच्या स्नायूंना त्यातले थोडेच मिळते. बाकीचे हृदयावर आणि हातापायांच्या स्नायूंवर काम करत बसते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडते आणि मूल रात्री टक्क जागे राहते. शिवाय परिणाम दिसायला अर्धा तास तरी लागतो. अचानक धाप लागली असताना सिरप पाजून वाट पाहणे म्हणजे वेळ घालवणे. तेव्हा स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इनहेलरच हवा. ओठ निळसर पडले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, एक वाक्य दमात पुरे होईना, तर थेट 108.

पहिली चूक होते चमच्यात. घरातला चहाचा चमचा 5 मिलिचा असतो, असे धरू नये. कुठला तीन मिलिचा असतो, कुठला सातचा. बाटलीची मापाची टोपी सपाट जागी ठेवावी, डोळे रेघेच्या पातळीवर आणावेत आणि मग ओतावे. हातात धरलेली टोपी तिरकी होते आणि वरून पाहिले तर रेघ फसवते. माप 5 मिलिपेक्षा कमी असेल, तर सुईशिवायची तोंडाने औषध देण्याची सिरिंज वापरावी. तिचे छोटे टोपण आधीच काढून दूर ठेवावे, नाहीतर ते मुलाच्या घशात जाऊ शकते. सिरिंजमध्ये बुडबुडा दिसला तर टोक वर धरून टिचकी मारावी, हवा बाहेर ढकलावी आणि माप पुन्हा पाहावे. मुलाला बसते धरून औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडावे. जिभेवर एकदम पिचकारी मारली की ठसका लागतो.

दुसरी चूक यकृतात होते आणि ती कुणाला दिसत नाही. थिओफिलिन हे श्वासनलिका सैल करणारे जुने औषध, किंवा त्याच्याच जातीच्या एटोफिलिनबरोबरचे त्याचे मिश्रण, जुनाट दम्याच्या वयस्क रुग्णांना अजूनही दिले जाते. रक्तात थिओफिलिन साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलि असावे, असे धरतात. हल्ली बरेच डॉक्टर त्याहून थोडे कमीच पसंत करतात. 20 च्या वर मळमळ, उलटी, धडधड सुरू होते, आणखी वर गेले की फिटचे झटके येऊ शकतात. माप तेच ठेवले तरी रक्तातला आकडा हलतो, कारण यकृत कधी हे औषध भराभर संपवते, कधी रेंगाळते. विडी-सिगारेटच्या धुराने ते भराभर संपते. म्हणून रुग्णाने विडी सोडली, की काही दिवसांतच तोच डोस जास्त होऊ लागतो! विडी जरूर सोडावी, पण डॉक्टरांना आधी सांगून. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. निकोटिनच्या गमने तो टिकत नाही.

सिप्रोफ्लोक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी रक्तातले थिओफिलिन वाढते. छातीत कफ झाला की नेमकी यांतलीच एखादी गोळी दिली जाण्याचा संभव असतो. टीबीचे रिफॅम्पिसिन उलट ते घटवते. सणकून ताप, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर औषध शरीरात साचते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सिरपची बाटलीच पिशवीत टाकून न्यावी, नाव आठवत बसू नये.

औषध पाजल्यावर उलटी झाली, की 'सगळे बाहेर पडले' म्हणून लगेच परत पाजण्याची आपली रीत असते. थिओफिलिनच्या बाबतीत ती धोक्याची आहे. उलटी हेच औषध जास्त झाल्याचे लक्षण असू शकते. पुढचा डोस थांबवून विचारावे. डोस चुकला तरी पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

बाकी किरकोळ. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहावी. 'सस्पेन्शन' लिहिले असेल, तर प्रत्येक वेळी हलवावी. स्वच्छ द्रावणात गाळ किंवा खडे दिसले तर ते वापरू नये. मधुमेह असेल तर बिनसाखरेचे मिळते का, ते विचारावे. सालब्युटामॉलही रक्तातली साखर वाढवते. रक्तदाबासाठी किंवा हातांच्या कंपासाठी प्रोप्रानोलॉल चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे: त्याने श्वासनलिका आवळतात आणि सालब्युटामॉलचा परिणामही अडतो.

मुलाने बाटली तोंडाला लावली, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. किती उरले आहे ते पाहावे आणि बाटलीसकट दवाखाना गाठावा.