माळ्यावरचा संगणक आणि तीन तारा

ठाण्यात नौपाड्यासारख्या भागातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला, की रिकाम्या होणाऱ्या माळ्यांवरून पितळेच्या घागरींबरोबर कधीमधी ३८६ किंवा ४८६ या जुन्या प्रोसेसरचा एखादा संगणकही खाली उतरतो. भंगारवाला त्याचा भाव किलोवर ठरवतो. असे दोन चालू संगणक हाती आले, तर ते एकमेकांना जोडण्यासाठी जुने नेटवर्क कार्ड शोधत फिरण्याची गरज नाही, कारण दोघांच्याही पाठीवर नऊ पिनांचे सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी खोबण, असते आणि त्याला तीन तारा पुरतात. एकाची पिन २ दुसऱ्याच्या पिन ३ ला, त्याची ३ याच्या २ ला, आणि दोघांच्या पिन ५ एकमेकींना जोडायच्या. १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६ या कार्यप्रणालीत इंटरलिंक नावाची सोय होती. ती चालू केली, की दुसऱ्या संगणकाची डिस्क आपल्याच संगणकात असल्यासारखी दिसते.

या तीन तारांत वेळ सांगणारी चौथी तार नाही, हे विशेष. पाठवणारा प्रत्येक अक्षराच्या आधी एक आरंभ-बिट पाठवतो, मग आठ बिट आणि शेवटी एक विराम-बिट. आरंभ-बिटाची चाहूल लागताच ऐकणारा आपले घड्याळ शून्यावर आणतो आणि पुढच्या प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेवरचा विजेचा दाब वाचतो. दहा बिटांनंतर हा हिशेब पुन्हा नव्याने सुरू होत असल्याने दोन्ही घड्याळांत चार-पाच टक्क्यांहून कमी फरक असला तरी बिघडत नाही, आणि संगणकाच्या घड्याळातला तीस वर्षे जुना स्फटिकही याहून कितीतरी अचूक चालतो. सेकंदाला ९६०० बिट हा वेग धरला, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात आणि १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी रिकामी व्हायला सुमारे २६ मिनिटे लागतात. १,१५,२०० च्या वेगाने हेच काम दोन मिनिटांच्या थोडे वर जाते, पण तिथे वेगळीच अडचण उभी राहते. सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या जुन्या ८२५० चिपमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शकते, आणि पुढचे अक्षर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येऊन धडकते. प्रोसेसर तेवढ्यात डिस्कच्या कामात अडकलेला असेल, तर आधीचे अक्षर कायमचे गेले. सोळा अक्षरे सांभाळणारी १६५५०ए चिप असलेले कार्ड मिळाले, तर ते म्हणूनच सोडू नये.

सिरियल पोर्टला पलीकडे कोण आहे याच्याशी काही देणेघेणे नसते, आणि इंटरनेटचा स्वस्त मार्ग याच बेफिकिरीतून निघतो. २०१४ पासून बाजारात असलेली ईएसपी८२६६ ही वायफाय चिप काही शे रुपयांत मिळते. तिच्यात मोफत मिळणारा प्रोग्रॅम भरला, की ती जुन्या मोडेमचे, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राचे, सोंग घेते: संगणक पूर्वीसारखीच ‘एटीडीटी’ ही फोन लावण्याची आज्ञा देतो, फक्त फोन नंबराच्या जागी सर्व्हरचे नाव येते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा घरोघरचे मोडेम याच कुळातल्या आज्ञा पाळत होते. गंमत अशी, की सोंग घेणारी ही चिप ३८६ पेक्षा वेगवान असते.

मात्र ती थेट पोर्टला जोडू नये. पोर्टच्या तारेवर एकासाठी उणे आणि शून्यासाठी अधिक, असा प्रत्यक्षात बारा व्होल्टपर्यंतचा दाब असतो, तर चिपला ३.३ व्होल्टच सोसतात. मधे मॅक्स३२३२ ही दाब बदलणारी स्वस्त चिप लागते. ती वाचवण्याच्या नादात मी पहिले मॉड्यूल जाळले. तसेच ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते, त्यामुळे घरच्या राउटरवर तो पट्टा चालू असावा लागतो.

१९८२ सालच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाला मुळात असे पोर्टच नव्हते, पण कॅसेटसाठी एक भोक होते. तिथेही पलीकडे टेपरेकॉर्डर आहे की मोबाइल, हे त्याला कळत नाही. प्रोग्रॅमची ध्वनिफीत मोबाइलवर लावून साध्या ऑडिओ केबलने जोडली, की तो ऐकत बसतो: आखूड स्पंदनांची जोडी म्हणजे शून्य, दुप्पट लांबीची जोडी म्हणजे एक. सेकंदाला सरासरी दीड हजार बिटांच्या या चालीने ४८ किलोबाइट भरायला चार ते पाच मिनिटे लागतात. आवाज मोठा ठेवावा आणि फोन विमान-मोडवर टाकावा, कारण चौथ्या मिनिटाला कुणाच्या संदेशाचे ‘टिंग’ वाजले, की पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ उमटते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून ऐकवावे लागते.