चारित्र्य पडताळणी (ठाणे व नवी मुंबई)

सरकारी किंवा संवेदनशील जागी नेमणूक पक्की करण्यापूर्वी उमेदवाराचे पूर्ववर्तन तपासण्याची पद्धत. साकेत किंवा कळंबोलीच्या मैदानावर पोलीस भरतीत उतरलेली मुले, महापालिका व केंद्रीय दलांचे उमेदवार या सर्वांना ती लागू होते. नवी मुंबई विमानतळावरील कामगारांनाही प्रवेश परवान्यासाठी पूर्ववर्तनाची तपासणी चुकत नाही.

उमेदवाराने स्वतःची माहिती भरून दिलेला साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) नेमणूक करणारे कार्यालय पोलीस आयुक्तालयाकडे पाठवते. विशेष शाखेमार्फत तो राहत्या भागातील पोलीस ठाण्यात जातो. कळव्याचा मुलगा असेल तर कळव्याला, कोपरखैरण्याचा असेल तर कोपरखैरण्याला. ‘पोलिसांनी नापास केले’ असे घरोघरी म्हटले जाते, ते चूक आहे. पोलीस नोंद कळवतात. निर्णय नेमणूक अधिकाऱ्याचा असतो.

खरी अडचण नमुन्यातील प्रश्नांत आहे. कधी अटक, खटला, दंड, शिक्षा झाली का, एवढेच तिथे विचारलेले नसते. चांगल्या वर्तनाचे बंधपत्र (लेखी हमी) लिहून द्यावे लागले का, हेही विचारतात. म्हणजे चॅप्टर केस, अशी हमी घेण्याची प्रतिबंधक कारवाई, तीसुद्धा आली. नाक्यावरची हाणामारी, सोसायटीतले भांडण, दहीहंडीच्या रात्रीची बाचाबाची, मोर्चातला गुन्हा अशी प्रकरणे आपसात मिटली की मुले ‘नाही’ लिहून मोकळी होतात. मिटलेले प्रकरणही पोलीस ठाण्याच्या दप्तरात राहते, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा ते लपवणेच अनेकांना महागात पडते.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी याबाबतचे निकष एकत्र मांडले. तरुण वयातील घोषणाबाजीसारखा किरकोळ गुन्हा लपवला असला, तरी अधिकारी तो माफ करू शकतो. उलट, खरी माहिती दिली म्हणून नोकरीचा हक्क मिळत नाही. पूर्ववर्तन तोलण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडेच राहतो. नैतिक अधःपतनाच्या किंवा गंभीर गुन्ह्यात तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल, तर तिला निष्कलंक मुक्तता मानत नाहीत. नमुन्यात जे विचारलेच नव्हते, ते लपवल्याचा ठपका मात्र ठेवता येत नाही. गणवेशधारी दलांसाठी कसोटी अधिक कडक असते. ते रास्त आहे, पण कडक म्हणजे यांत्रिक नव्हे: गुन्ह्याचे स्वरूप, तेव्हाचे वय आणि मिळणारे पद हे तिन्ही न पाहता काढलेला नकार अन्यायकारकच ठरतो.

अल्पवयात झालेल्या गुन्ह्याला वेगळे संरक्षण आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार दोषी ठरलेल्या बालकाला त्यामुळे अपात्र ठरवता येत नाही. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर घृणास्पद गुन्हा केलेला आणि प्रौढ म्हणून खटला चाललेला मुलगा याला अपवाद आहे.

सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला माहिती लपवल्याबद्दल काढायचे असेल, तर आधी विभागीय चौकशी करावी लागते. आदेशाविरुद्ध राज्य कर्मचारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), केंद्राचे नागरी कर्मचारी कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) जातात. सीआयएसएफसारख्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) दलातील जवानांना उच्च न्यायालयात दाद मागावी लागते.