अर्धा शेकेल आणि ‘फिस्कस युदाइकस’: रक्कम तीच, कर वेगळे

जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा ज्यू पुरुष दरवर्षी तिथे अर्धा शेकेल (चांदीचं नाणं) पाठवत. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं आणि सम्राट वेस्पेशियनने ज्यूंवर माणशी दोन देनारियसचा (रोमन चांदीच्या नाण्यांचा) कर बसवला, तोच ‘फिस्कस युदाइकस’. अर्धा शेकेल म्हणजे दोन द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी), म्हणजेच साधारण दोन देनारियस. आकडा जुळतो म्हणून ‘रोमने जुनाच कर आपल्याकडे वळवला’ असं सरसकट लिहिलं जातं. रोमचा हिशेब तसाच होता. पण भरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर फारच थोडं तसंच राहिलं.

अर्धा शेकेल 20 वर्षांवरच्या पुरुषांसाठी होता. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी नाही. स्त्रिया आणि अल्पवयीन मुलं बांधील नव्हती, स्वखुशीने दिला तर घेत. परधर्मीयांकडून मात्र घेतच नसत. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात वसुलीचं वेळापत्रकच आहे: ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याच्या 1 तारखेला दवंडी, 15 ला गावोगावी सराफांची टेबलं, 25 ला मंदिरात. टेबलं मंदिरात लागली की न भरणाऱ्यांकडून तारण घ्यायला सुरुवात. घाई कशाची, तर पुढच्याच निसान महिन्यापासून सार्वजनिक बळींचा खर्च नव्या वर्षाच्या पैशांतून करायचा असे.

नाणं टायर शहराचं लागे, कारण त्याची चांदी जवळजवळ शुद्ध आणि वजन भरवशाचं: शेकेल सुमारे 14 ग्रॅम, अर्धा 7. त्यावर मेलकार्त या टायरच्या देवाचं डोकं होतं, तरी मंदिराला ते चाले! अर्ध्यासोबत ‘कोलबोन’ नावाचा छोटा बट्टा द्यावा लागे. पूर्ण शेकेल देऊन अर्धा परत घेतला तर बट्टा दुप्पट, त्यामुळे मोठं नाणं पुढे करून तो चुकवता येत नसे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र याला माशाच्या तोंडात सापडणारं नाणं स्वतःपुरतं आणि येशूपुरतं पुरतं, ते या मापामुळेच: एक स्तातेर (पूर्ण शेकेलएवढं नाणं) म्हणजे दोघांचे अर्धे.

ही रक्कम साम्राज्यभरातून येई, आणि रोमन अधिकाऱ्यांचा तिच्यावर डोळा असे. इ.स.पू. 62 मध्ये आशिया प्रांताचा सुभेदार फ्लाकस याने ती जप्त केली. एकट्या अपामेया शहरात सुमारे 100 रोमन पौंड सोनं निघालं. पुढे सम्राट ऑगस्टसने ती पाठवायला संरक्षण दिलं. थोडक्यात, हा कर रोमचा कधीच नव्हता, रोम फक्त परवानगी देत असे. (येशूने सीझरच्या शिक्क्याचं देनारियस मागवून ज्याबद्दल उत्तर दिलं तो कर तिसराच. तो यहूदियातल्या प्रजेचा.)

आता वेस्पेशियनचा कर. पैसा जाणार होता रोममधल्या कॅपिटोलाइन ज्युपिटरकडे. त्याचं मंदिर इ.स. 69 च्या यादवीत जळालं होतं. रोमविरुद्धच्या ज्यू बंडात भाग न घेतलेल्या इजिप्तच्या ज्यूंनाही तो लागू झाला. इजिप्तमधल्या एदफूच्या खापरांवरच्या पावत्यांत आणि तिथल्याच अर्सिनोएच्या कर-यादीत तो नेमका कसा घेतला जाई ते दिसतं. पुरुषच नव्हे तर स्त्रियाही, 3 वर्षांच्या मुलांपासून साठी उलटलेल्या बाईपर्यंत. इजिप्तची द्राख्मा हलकी, चार मिळून एक देनारियस, म्हणून तिथे दर 8 द्राख्मा 2 ओबोल (द्राख्मापेक्षा लहान नाणं), वर 1 द्राख्मा वेगळी पट्टी. शिवाय वसुली मागच्या थकबाकीसकट.

नवरा, बायको, 5 आणि 8 वर्षांची मुलं, साठीची सासू असं घर घ्या. पूर्वी एकच अर्धा शेकेल, म्हणजे दोन देनारियस. आता पाच जणांचे दहा. मजुराची दिवसाची कमाई एक देनारियस धरली तर दोन दिवसांच्या रोजीऐवजी दहा दिवसांची.

मोठा फरक ‘ज्यू कोण?’ हे ठरवण्यात पडला. पूर्वी तो प्रश्न समाजाच्या आत सुटे, आता याद्या सरकारकडे. वेस्पेशियनचा मुलगा, सम्राट डोमिशियन याने उघड न कबूल करता ज्यू रीतीने राहणाऱ्यांना आणि मूळ लपवणाऱ्यांनाही पकडलं. रोमन लेखक सुएतोनियसने तरुणपणी एका 90 वर्षांच्या म्हाताऱ्याची सुंता झाली आहे का, याची भर दरबारात तपासणी होताना पाहिली. इ.स. 96 मध्ये पुढचा सम्राट नेर्व्हाने खजुराच्या झाडाचं नाणं पाडून या कराच्या नावाखालचे खोटे आरोप बंद केल्याचं जाहीर केलं. त्यावरून कर रद्द झाला असं वाचू नये: एदफूच्या पावत्या इ.स. 116 पर्यंत मिळतात, आणि तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिगेनही ज्यू दोन द्राख्मा भरतात असं लिहितो.

अर्ध्या शेकेलबद्दल मिश्नाचा निर्णय असा, की मंदिर असेल तरच तो लागू. म्हणजे रोमला दोन देनारियस देऊन कुणाचं धर्मकर्तव्य फिटत नव्हतं, आणि ते फिटतं असं रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) मानलंही नाही.